एकाच नावाच्या दोन बाटल्या, दोन चवी: सिंगल बॅरल घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरचे एक गृहस्थ दिवाळीत पुण्याला मित्राकडे गेले होते. तिथे एका अमेरिकी व्हिस्कीची 'सिंगल बॅरल' बाटली चाखली आणि फार आवडली. महिन्याभराने परदेशातून येताना ड्युटी फ्रीमधून तीच कंपनी, तेच लेबल बघून एक घेतली. घरी उघडली तर चव निराळी. पुण्याची गोडसर, व्हॅनिलाच्या अंगाची होती. ही लाकडी, तिखट, घशाला टोचणारी निघाली. आता त्यांना वाटतंय की माल डुप्लिकेट आहे. त्यात पुढच्या महिन्यात मेहुणा अमेरिकेहून येतोय, सासरेबुवांची साठी आहे, आणि त्यांच्यासाठी सिंगल बॅरलच मागवावी असा घरात विचार चाललाय. नेहमीच्या बाटलीपेक्षा दीडपट पैसे पडतात. हे जास्तीचे पैसे कशाचे, आणि "सिंगल बॅरल म्हणजे सिंगल माल्टच ना?" असं त्यांनी शेवटी विचारलंय.

मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे. सुरुवातीची आठ वर्षं गंगापूर धरणाच्या अंगाला असलेल्या एका वायनरीच्या तळघरात काढली, मग हॉटेलच्या बारवर, आणि आता टेस्टिंग घेतो, बारवाल्यांना माल निवडून देतो. म्हणजे व्हिस्की गाळणारा मी नाही, पण पिंपांशी माझी जुनी ओळख आहे. तुमच्या प्रश्नाचं मूळ पिंपातच आहे.

आधी तुमची धास्ती घालवतो: बहुधा फसलेला नाहीत. दोन बाटल्यांची चव वेगळी लागली हे सिंगल बॅरलच्या बाबतीत दोष म्हणून धरताच येत नाही. तसं लागणं हा तिच्या नावाचाच अर्थ आहे: एका बाटलीत एकाच पिंपाची व्हिस्की. खरा गुंता वेगळा आहे. पुण्यात तुम्हाला एक विशिष्ट पिंप आवडलं आणि तुम्ही नाव विकत घेतलंत.

तळघरातली एक गोष्ट सांगतो म्हणजे नीट कळेल. दिंडोरीकडच्या एकाच प्लॉटची शिराझ, एकाच दिवशी, एकाच टाकीतून आम्ही सहा पिंपांत भरली होती. पिंपं एकाच कारागिराची, २२५ लिटरची, फ्रेंच ओकची, आतून सारखीच शेकलेली. अकरा महिन्यांनी काचेच्या नळीने प्रत्येकातून थोडी थोडी काढून पेल्यात घेतली. एकातून लवंगेचा वास, एकातून ओल्या नारळाचा. एक अगदी मुकं. दाराजवळच्या पिंपाची एक फळी बारीक झिरपत होती, त्याची वाईन चक्क थकलेली लागत होती. आणि चार नंबर! चार नंबरवर आम्ही सगळे कामगार लट्टू. मी वाईनमेकर साहेबांना म्हटलं, हे एकटंच बाटलीत भरा ना. ते म्हणाले, "दोनशे नव्वद बाटल्या होतील. त्या संपल्यावर गिऱ्हाईक परत मागायला आलं की काय देशील?" आणि चार नंबर बाकीच्यांत ओतलं. मला तेव्हा जिवावर आलं होतं. पुढे बारवर उभा राहिलो तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं.

व्हिस्कीत हा फरक वाईनपेक्षा मोठा होतो, त्याची कारणं समजून घ्या. आम्ही वाईनच्या पिंपात दर थोड्या दिवसांनी वरून वाईन घालून ते काठोकाठ ठेवतो, कारण हवा शिरली की वाईन बिघडते. व्हिस्कीच्या पिंपात असं काही घालत नाहीत. उडतं ते उडू देतात, आणि आत हवा, लाकूड, दारू यांचं काय चालायचं ते वर्षानुवर्षं चालतं. अमेरिकी बर्बनच्या बाबतीत तर कायदाच असा आहे की धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि पिंप दर वेळी कोरं, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकचं हवं. कोरं लाकूड म्हणजे सगळा ऐवज शाबूत: व्हॅनिलासारखा वास देणारं द्रव्य, नारळाकडे झुकणारी तेलं, जळलेल्या साखरेचा गोडवा, आणि तोंड आवळणारं टॅनिन. आता एका पिंपाला तीसेक फळ्या लागतात. त्या एकाच झाडाच्या नसतात. कुठल्या पिंपाच्या वाट्याला कुठलं झाड आलं यावर बराच खेळ ठरतो.

मग जागा. अमेरिकेतल्या केंटकी आणि टेनेसी राज्यांत गोदामं अनेक मजली असतात आणि बहुतेकांत तापमान यंत्राने सांभाळलेलं नसतं. उन्हाळ्यात वरचा मजला तापतो, तळमजला गार राहतो. आपल्या नाशिकच्या घरातही गच्चीखालची खोली आणि तळमजल्याची खोली मे महिन्यात दोन वेगळी गावं असतात, तसंच. उष्णतेने दारू फुगून लाकडात शिरते, गारव्याने परत बाहेर येते, आणि येताना लाकडाचं काहीबाही घेऊन येते. वरच्या मजल्यावर हा व्यवहार जोरात चालतो. तिथे पाणी जास्त उडतं, म्हणून उरलेल्या दारूची टक्केवारी वाढत जाते. थंड, दमट स्कॉटलंडमध्ये उलट होतं, तिथे टक्केवारी हळूहळू उतरते. टेनेसीची जॅक डॅनियल्स आपल्या सिंगल बॅरलसाठी गोदामाच्या वरच्या भागातली पिंपं निवडते, ती या कारणाने.

नेहमीची बाटली कशी होते? अशी डझनांनी, मोठ्या ब्रँडची तर शेकड्यांनी पिंपं एकत्र ओततात. तिखट, गोड, मुकी, बोलकी सगळी मिसळून दर वेळी तीच चव आणतात. याला कुणी भेसळ समजू नये. हे खरं तर जास्त अवघड काम आहे. आमच्या भजनी मंडळात दहा जण गातात तेव्हा एखाद्याचा सूर उतरला तरी बाकीचे सावरून घेतात. सिंगल बॅरल म्हणजे त्या दहांतला एक जण पेटी घेऊन एकटा बसला. गळा असेल तर ऐकत राहावं, नसेल तर लपायला जागा नाही.

सिंगल माल्टचा घोळ मात्र सोडवूनच पुढे जाऊ, कारण टेस्टिंगला येणाऱ्यांत निम्म्यांचा तो असतो. सिंगल माल्टमधलं 'सिंगल' डिस्टिलरीचं आहे: एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की. तिच्या एका बाटलीत पन्नास पिंपं असू शकतात, आणि बहुतेक वेळा अनेक असतातच. सिंगल बॅरलमधलं 'सिंगल' पिंपाचं आहे. धान्य मका असो, राय असो, जव असो. स्कॉच आणि भारतीय माल्टवाले त्यालाच सिंगल कास्क म्हणतात. एखादी बाटली दोन्ही असू शकते. स्कॉटलंडच्या बाल्व्हेनीची १२ वर्षांची सिंगल बॅरल ही सिंगल माल्टही आहे आणि एका पिंपातलीही, एका पिंपातून ३०० पेक्षा जास्त बाटल्या काढत नाहीत. आणि 'स्मॉल बॅच' हा शब्द दिसला तर त्याला ठोस आकडा नाही. चार पिंपं असतील, दोनशेही असतील.

हा सिंगल बॅरलचा व्यापार तसा फार जुना नाही. पूर्वी दुकानदार पिंपातूनच दारू ओतून देत, तेव्हा ती आपोआपच एका पिंपाची असे, पण ती वेगळी गोष्ट. ब्रँड म्हणून पहिली मोठी सिंगल बॅरल बर्बन १९८४ साली आली, ब्लँटन्स. केंटकीतल्या आज बफेलो ट्रेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिस्टिलरीच्या एल्मर टी. ली यांनी ती काढली. तेव्हा अमेरिकेत लोक व्होडकाकडे वळले होते, बर्बनची गोदामं भरून पडली होती, आणि महागात विकता येईल असं काहीतरी हवं होतं. नाव दिलं कर्नल ब्लँटन यांचं. हे जुने प्रमुख 'एच' नावाच्या पत्र्याच्या गोदामातून खास पाहुण्यांसाठी पिंपं निवडत, असं कंपनी सांगते. पत्र्याचं गोदाम लवकर तापतं आणि लवकर निवतं, तेव्हा निवड अगदी अडाणी नव्हती. जॅक डॅनियल्सची सिंगल बॅरल १९९७ ची. हे मुद्दाम सांगतो, कारण 'सिंगल बॅरल' या शब्दाभोवती जो परंपरेचा धूप जाळला जातो तो बराचसा गेल्या चाळीस वर्षांतला आहे.

आता हा शब्द काय कबूल करत नाही ते बघा. वय कबूल करत नाही. त्यासाठी लेबलवर आकडा शोधायचा. अमेरिकी बाटलीवर 'स्ट्रेट' लिहिलं असेल आणि वय लिहिलं नसेल तर निदान चार वर्षं झालेली आहेत एवढं धरता येतं. पाणी घातलेलं नाही असंही तो कबूल करत नाही. बहुतेक सिंगल बॅरलमध्ये बाटलीत भरण्याआधी पाणी घालून टक्केवारी खाली आणतात: केंटकीच्या फोर रोझेसची ५० टक्क्यांवर, जॅक डॅनियल्सची नेहमीची सिंगल बॅरल ४७ वर. पाणी न घातलेल्या बाटलीवर 'बॅरल प्रूफ' किंवा 'कास्क स्ट्रेंग्थ' असं वेगळं लिहितात. जिने लेबल लावलं तिनेच दारू गाळली, हेही गृहीत धरू नका. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गच्या एका मोठ्या डिस्टिलरीतून पिंपं घेऊन आपापल्या नावाने विकणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, व्हिस्की चांगलीही असते. फक्त मागच्या बाजूला 'डिस्टिल्ड इन इंडियाना' असं बारीक अक्षरात दिसलं की पुढच्या बाजूची आजोबांची गोष्ट जरा हात राखून वाचावी.

आणि पैसे? हिशेब करून बघू. अमेरिकी पिंप साधारण २०० लिटरचं. भरताना दारू ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. केंटकीत वर्षाला साधारण चार टक्के उडून जातं, थोडं लाकूड पितं. सात-आठ वर्षांनी हाती १३०-१४० लिटर येतं असं धरा. त्यात पाणी घालून ४७ टक्क्यांवर आणलं की ७५० मिलीच्या दोनशे चाळीसेक बाटल्या निघतात. एवढ्यासाठी भरण्याची लाइन थांबवायची, नळ्या धुवायच्या, लेबलवर पिंपाचा नंबर टाकायचा, मग पुढचं पिंप. हा खर्च खरा आहे. दुसरं, टक्केवारी. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या असतात. साठच्या पेगमध्ये त्यातून साडेपंचवीस मिलीच्या आसपास अल्कोहोल पोटात जातं, ४७ वाल्यातून २८. म्हणजे जास्तीच्या पैशांतले काही त्या जास्तीच्या मालाचेच आहेत, आणि तुमच्या घशाला टोचलं त्याचं एक कारणही हेच असू शकतं. तिसरं, निवड. एकटं उभं राहू शकेल असं पिंप हुडकायला चाखणारा लागतो. आणि चौथं, जड बाटली, बुचावरचा घोडा आणि बॉक्स. ब्लँटन्सच्या बुचावर घोडेस्वाराच्या आठ वेगवेगळ्या मूर्ती असतात, प्रत्येकीवर एक अक्षर. सगळी जमवली की नाव पुरं होतं. लोक त्यासाठी बाटल्या घेतात. घेवोत बापडे.

माझ्या अंदाजाने त्या जास्तीच्या पैशांतले निम्मे पहिल्या तीन गोष्टींचे असतात. हा अनुभवाचा अंदाज आहे, गणित नाही, आणि ब्रँडनुसार बदलतो.

तुमच्या बाटलीकडे येऊ. पुण्याच्या मित्राला फोन करून त्याच्या लेबलचा फोटो मागवा. सिंगल बॅरलवर पिंपाचा नंबर आणि बहुधा भरल्याची तारीख असते. काहींवर गोदाम आणि मांडणीचा नंबरही असतो. ब्लँटन्सवर तर पिंप कुठल्या तारखेला रिकामं केलं तेही हाताने लिहिल्यासारखं असतं. नंबर वेगळे निघाले तर निम्मा उलगडा झाला. टक्केवारीही जुळवा. त्याच ब्रँडची पुण्यातली बाटली ४७ ची आणि तुमची बॅरल प्रूफची असेल, तर तुम्ही साठ टक्क्यांच्या पुढचं काहीतरी नुसतं प्यायलात, मग दुसरं काय होणार!

मग मित्राला विचारा की त्याची बाटली किती दिवस उघडी होती. अर्ध्यावर आलेल्या बाटलीत हवा जास्त असते आणि पहिला तिखटपणा महिन्या-दोन महिन्यांत बसतो. माझा नियम असा की नव्या बाटलीच्या पहिल्या पेगवरून मत द्यायचं नाही. एक पेग काढायचा, झाकण लावायचं, तीन आठवड्यांनी परत यायचं. तुम्ही काय खाऊन प्यायलात तेही बघा. पुण्यात मित्राने काजू ठेवले असतील. तुम्ही आपला नाशिकचा तिखट चिवडा घेऊन बसला असाल तर ५० टक्क्यांची दारू जिभेला आगच लावणार. मिसळीनंतर टेस्टिंगला येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो, तासाभराने या म्हणून.

डुप्लिकेटचा धोका आपल्याकडे खोटा नाही. रिकाम्या परदेशी बाटल्यांना भंगारात भाव मिळतो तो उगाच नाही, म्हणून मी बारवर प्रत्येक रिकामी बाटली फोडायला लावायचो. पण असा माल ओळखीच्या माणसाकडून, बिलाशिवाय, 'आर्मी कोट्याची आहे' अशा गोष्टीसकट येतो. विमानतळावरच्या दुकानातून, बिलासह, सीलबंद पिशवीत आलेल्या बाटलीबद्दल मी झोप उडवून घेणार नाही. शिवाय तुमचं वर्णनच तुमच्या बाजूने आहे. बनावट माल पाणचट असतो: पुढे स्पिरिटचा भपका, मागे एसेन्सचा वास, आणि गिळल्यावर काहीच उरत नाही. लाकडी, तोंड आवळणारी चव बाटलीत आणायला पिंपच लागतं. जुन्या बारवाल्यांची एक रीत करून बघा. दोन थेंब तळहातावर चोळा, अल्कोहोल उडू द्या, मग हुंगा. चांगल्या व्हिस्कीचा धान्याचा आणि लाकडाचा वास बराच वेळ राहतो. हा प्रयोगशाळेचा दाखला नव्हे, पण मनाची खात्री होते.

त्या बाटलीवर रागही धरू नका. साठ मिलीत अर्धा चमचा साधं पाणी घाला, बर्फ नको. दोन मिनिटं थांबा, हुंगा, परत अर्धा चमचा. टोचणाऱ्या पिंपात बऱ्याचदा पाण्याखाली गोडवा लपलेला असतो. आणि कृपा करून बाटली आडवी ठेवू नका. हे नाशिककरांना खास सांगावं लागतं, कारण आपण सगळे वायनरीची सहल करून 'बुच ओलं राहायला हवं' हे शिकून येतो. ते वाईनचं. व्हिस्कीत अल्कोहोल इतकं असतं की बुच कुरतडलं जातं. उभी, उन्हापासून लांब.

आता घ्यावी की नाही. इथे सगळ्यांना एकच उत्तर लागू नाही, सगळं पिणाऱ्यावर आहे. तुम्ही लिहिलंय की सासरेबुवा आयुष्यभर एकाच ब्रँडची ब्लेंडेड स्कॉच घेतात, दोन भाग पाणी घालून, जेवणाआधी. या माणसाला मी सिंगल बॅरल बर्बन देणार नाही. चव परकी लागेल; मका आणि कोरं जाळलेलं लाकूड मिळून जो खडीसाखरेसारखा गोडवा येतो तो स्कॉचवाल्यांना सुरुवातीला औषधी वाटतो. दोन भाग पाण्यात पिंपापिंपातला फरक विरघळून जाईल आणि तुमचे जास्तीचे पैसेही. तिसरी अडचण तुम्हाला स्वतःला आलीच आहे. समजा त्यांना आवडली. पुढच्या दिवाळीला "जावईबापू, तीच आणा" म्हणाले, तर ती कुठून आणाल? ते पिंप संपलेलं असेल. वाईनमेकर साहेबांचा प्रश्न फिरून तुमच्या दारात.

त्यांच्यासाठी मी दोनपैकी एक करेन. एक तर त्यांच्याच ब्रँडची वरची, जास्त वयाची बाटली. वाटतं त्यापेक्षा हे जास्त जिव्हाळ्याचं असतं, कारण ती चव त्यांच्या ओळखीची असते आणि 'आपली'च जरा बढती मिळालेली लागते. नाही तर भारतीय सिंगल माल्ट. बेंगळुरूच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोत नेऊन विकायला काढली, म्हणजे स्कॉचवाल्यांच्याच ओसरीवर. गोव्याची पॉल जॉन २०१२ ची. आपल्या दिंडोरीतही आता माल्ट गाळतात. साठीच्या माणसाला ही गोष्ट सांगायला मजा येते. वयाचा आकडा शोधू नका. बेंगळुरूच्या हवेत वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तच उडून जातं, स्कॉटलंडात दोन. इथे पाच वर्षांत पिंप जे करून दाखवतं त्याला तिकडे बरीच जास्त वर्षं लागतात, आणि इथे बारा वर्षं थांबलं तर पिंपाच्या तळाशी फार काही सापडणार नाही. अमृत आणि पॉल जॉन दोघांच्याही सिंगल कास्क अधूनमधून येतात, पण सासऱ्यांसाठी त्यांची नेहमीचीच बाटली घ्या.

सिंगल बॅरल तुमच्यासाठी घ्या. तुमची केस वेगळी आहे: तुम्ही नुसती किंवा थोड्या पाण्यात पिता, फरक लक्षात येतो, आणि लक्षात आलेल्या फरकाने तुम्ही अस्वस्थ होऊन चार ओळींचा प्रश्न लिहिलात. असाच माणूस या बाटलीचं गिऱ्हाईक. कोकमध्ये घालणारा, दर शनिवारी तीच चव हवी असणारा, किंवा कपाटात दिसायला ठेवणारा असता तर मी नको म्हटलं असतं. माझ्या घरीही रोजची म्हणून ठेवलेली बाटली साधी, मिसळलेली आहे. सिंगल बॅरल एका वेळी एकच उघडी असते, आणि ती संपली की तेच पिंप परत मिळावं म्हणून मी धावत नाही.

कुठली मागवू म्हणाल तर पहिल्यांदा फोर रोझेस सिंगल बॅरल. कारण सांगतो. ही डिस्टिलरी धान्याची दोन प्रमाणं आणि यीस्टच्या पाच जाती वापरून दहा वेगवेगळ्या व्हिस्की गाळते, आणि नेहमीच्या सिंगल बॅरलमध्ये त्यांतली एकच, ठरलेली पाककृती असते. म्हणजे दोन बाटल्यांत फरक लागला तर तो मुख्यतः लाकडाचा आणि जागेचा. शिकायला याहून स्वच्छ उदाहरण नाही. मेहुण्याला ब्लँटन्सच्या मागे लावू नका; अमेरिकेतच ती छापील भावाने मिळवायला लोक रांगा लावतात, आणि चढ्या भावाने घ्यावी एवढा चवीत फरक नाही.

मेहुण्याला बाटल्या अमेरिकेतूनच आणायला सांगा. इथे दुकानात तीच बाटली आयात शुल्क आणि राज्याचं उत्पादन शुल्क चढून येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणलं, तरी फरक राहतोच. भारतात येताना माणशी दोन लिटर शुल्काशिवाय आणता येते; ७५० च्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, आरामात बसतात. चेक-इनच्या सामानात, स्वेटरमध्ये गुंडाळून. सत्तर टक्क्यांवरचं काही विमानात चालत नाही, आणि काही बॅरल प्रूफ बाटल्या त्या रेषेच्या फार जवळ जातात, तेव्हा टक्केवारी बघून घ्यायला सांगा. महाराष्ट्रात घरी ठेवायला आणि प्यायला परमिट लागतं, ते नसेल तर काढून ठेवा. लोक हसतात, पण नियम आहे.

दुकानात उभं राहून त्याने एवढंच करायचं: फळीवरच्या दोन-तीन बाटल्यांच्या लेबलचे फोटो तुम्हाला पाठवायचे. एकाच दुकानात दोन वेगळ्या नंबरची पिंपं दिसली तर दोन्ही घ्यायची, एक तुमची आणि एक पुण्याच्या मित्राची. सासरेबुवांची इथूनच घ्या, म्हणजे दोन लिटरचा हिशेब बिघडत नाही. मग मित्राला नाशिकला बोलवा, जेवणाआधी, चकण्याशिवाय. दोन पेल्यांत वीस-वीस मिली, कुठल्यात काय ते तुम्हा दोघांनाही माहीत नको, ओतायला तिसरं माणूस. साठीच्या निमित्ताने सासरेबुवा घरात असतील तर त्यांनाच ओतायला बसवा. त्यांच्यासमोर त्यांची स्कॉच ठेवलीत की ते हे काम आनंदाने करतील.